उभं राहण्याची शिक्षा

पहिल्या पगारात आईला पातळ घ्यायला आम्ही असोद्याहून जळगावच्या एका मोठ्या दुकानात गेलो. गादीवरचा पन्नाशीचा सेल्समन एकेक पातळ उलगडून स्वतःच्या खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, "अक्का, काठ तर पाहा!" तीसेक पातळं झाली, पण आईच्या मनात एकही भरेना. मी घरातला पहिला बी.ए.; "अजून दाखवा" म्हणताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

शेवटी आम्ही तसेच उठलो. चपला घालतोय तोच गल्ल्यावरून तरणा शेठ ओरडला, "घालवलं ना गिऱ्हाईक? चल, हो उभा!" तो माणूस निमूट गादीवरून उतरला. गिऱ्हाईक रिकामं गेलं की दुकान बंद होईपर्यंत बसायचं नाही, असा नियम असल्याचं शेजारचा सेल्समन पुटपुटला.

मला राहवेना. परत जाऊन म्हणालो, "ते हिरवं द्या बांधून."

"नको, भाऊ," तो हळूच म्हणाला. "माझ्यासाठी घेताय तुम्ही. नेसायचं अक्कांना आहे, अन् त्यांना ते आवडलेलं नाही."

आम्ही निघालो. दारातून मागे पाहिलं. तो आम्ही उलगडायला लावलेल्या पातळांच्या घड्या घालत होता. गादी जमिनीलगत, त्यामुळे प्रत्येक पातळासाठी त्याला वाकावं लागत होतं.