रिकामी टाकी द्यायची कशी?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी परतुरात टेम्पो चालवून राह्यलो होतो. दवाखान्यातून ऑक्सिजनच्या रिकाम्या टाक्या उचलायच्या, जालन्याच्या एमआयडीसीतून भरून आणायच्या. तिथला कायदा घरच्या गॅससारखाच: रिकामी ठिवा, भरलेली उचला.

त्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणल्या, "न्यायला टाक्याच न्हाईत रे. वॉर्डात जागा नव्हती म्हणून लोकांना घरी दिल्त्या, परत कुणी आणंना. हाय तो ऑक्सिजन सांजपर्यंत पुरंल."

वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर आमचे हेडमास्तर होते. ज्यांची नक्कल करून मी शाळंत छड्या खाल्ल्या, तेच. तोंडाला मास्क, बोलणं बंद. मला बघून नुसतं बोट हलवलं. म्हंजी, टवाळक्या करू नको.

मी टाक्या गोळा करायला निघालो. पहिलं घर मोंढ्यामागच्या खालाचं. खालू, म्हंजी खालाचे मालक, बरे होऊन बाजंवर चहा पिऊन राह्यलेले. टाकी कोपऱ्यात, पुसूनबिसून, वर चादर घालून ठिवलेली. नवरीच जशी.

"खाला, ही तर रिकामी हाय. दिली का न्हाई?"

"खाली कैसा देऊं बेटा? इनकी जान बचाई उसने. जरा चलने लगे तो भरा को लाते बोले."

पुढच्या घरातल्या काकूंचंबी तेच. "शेजारणीचा डबा कुणी रिकामा धाडतं का? चिमूटभर साखर तरी टाकावी लागती!"

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. लोकांनी टाक्या दाबल्या नव्हत्या, बिचारे लाजून राह्यले होते!

घरोघर समजावत बसलो असतो तर तिथंच सांज झाली असती. टेम्पोवर भोंगा होता, भाजी विकायच्या दिवसांतला. माईक घेतला, हेडमास्तरांसारखा दोनदा खाकरलो आन् त्यांच्याच आवाजात सुरू झालो:

"ए शहाण्यांनो! ऑक्सिजनची टाकी रिकामीच आणून द्यायची! बिलकुल लाजायचं न्हाई! भरायला जो थांबंल, त्याला वर्गाबाहेर उभा करीन!"

निम्मं गाव त्यांच्याच हाताखाली शिकलेलं. धडाधड दारं उघडली. कुणी खांद्यावर, कुणी हातगाड्यावर टाक्या आणून राह्यलं. एका टक्कल पडलेल्या दुकानदारानं टाकी ठिवली आन् सवयीनं छडीसाठी हात पुढं केला. खालानं टाकीसंगं डबाभर शेवया दिल्या. "याद रख, खाली नहीं दी मैंने."

जालन्याला जाऊन सांज व्हायच्या आत भरल्या टाक्या घेऊन मी दवाखान्याच्या दारात. सिस्टरनी पहिली टाकी खिडकीजवळच्या खाटंला लावली.

काही दिवसांनी सरांचा मास्क निघाला. मी भेटायला गेल्तो.

"भोंगा या खिडकीखालून नेल्ता ना तू?"

"हो सर." मी हात पुढं करायच्याच बेतात होतो.

"नक्कल चुकली तुझी. मी बोलायच्या आधी एकदाच खाकरतो."

आन् पुढं बोलायच्या आधी दोनदा खाकरले.