गिरणीवाल्याची सही

खुनी कोण हे पक्कं ठाऊक असलेल्या फौजदाराने त्याच्या घरात खोटा पुरावा नेऊन ठेवला आणि त्या पुराव्यावर खऱ्या खुन्याला फाशी झाली, तर तुम्ही टाळ्या वाजवाल का? लगेच उत्तर देऊ नका. मी लगेच दिलं होतं.

परभणीला कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही सहा जणींनी एका लॅपटॉपवर तो सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही सिनेमावरच वाद घालत बसाल. गोष्ट अशी. एका मुलीचा खून होतो. खुनी कोण ते फौजदाराला अर्ध्या तासात कळतं, आपल्यालाही कळतं, पण पुरावा सापडत नाही. मग फौजदार त्या मुलीचं एक पैंजण खुन्याच्या ज्वारीच्या कोठीत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी झडती घेऊन तेच पैंजण बाहेर काढतो. फाशीची शिक्षा होते. शेवटी फौजदार मुलीच्या आईला निकाल सांगायला जातो. ती त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देते. तो तांब्याकडे बघतो, न पिता ओट्यावर ठेवतो आणि निघून जातो. सिनेमा संपतो.

आम्ही टाळ्या वाजवल्या. एकीने विचारलं, "पाणी का नाही पिला गं त्यानं?" मी उभी राहून भाषण दिलं. कर्तव्याचा मोबदला म्हणून तो घोटभर पाणीसुद्धा घेत नाही, असा माझा अर्थ. त्यावर मी वहीची चार पानं लिहिली. ती पानं अजून आहेत, आणि ती वाचताना मला घाम फुटतो.

माझ्या वडिलांना मी अण्णा म्हणते. ते शेतमजुरांसाठी पत्रकं लिहीत, छापून आणत आणि बाजाराच्या दिवशी वाटत. माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची असत. जवळजवळ प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ठळक ओळ असे: वाचल्याशिवाय कशावरही सही-अंगठा करू नका. स्वतःचं नाव वाचता येण्याआधी मला ती ओळ वाचता येत होती.

कॉलेज संपवून मी गावी आले त्याच वर्षी आमच्या शेजारच्या काकांना टिप्परने उडवलं. काका येलदरीच्या धरणात मासे धरायचे. सकाळी जाळं खांद्यावर टाकून रस्त्याच्या कडेने येताना वाळूचा टिप्पर मागून आला. उजवा पाय गुडघ्यावरून कापावा लागला. टिप्पर पळून गेला. काकांनी नंबर पाहिलेला नव्हता, पाठीमागून आलेलं कुणाला दिसतं? पण टिप्पर कुणाचा ते सगळ्या गावाला माहीत होतं. आमच्या भागात वाळू कोण उपसतं आणि कोण गप्प बसतं, हे सांगायला पंचांग लागत नाही.

काकूंना घेऊन मी चौकीवर गेले. गुन्हा नोंदवा म्हणून रोज दिवसभर पायरीवर बसले, घोषणा दिल्या. तिसऱ्या दिवशी फुटक्या दिव्याचा एक टिप्पर दोन कोसांवरच्या खडी क्रशरच्या आवारात सापडला. संध्याकाळी जमादार कागद घेऊन बाहेर आले.

"ताई, तीन दिवस झाले घोषणा द्यायलाव. आता एक काम करा. पंच व्हा. गावातला एकबी माणूस तयार न्हाई."

"कुठं सही करू?"

"आधी वाचा की! तुमी अण्णाची पोरगी. वाचल्याबिगर सही केली तर अण्णा मलाच पत्रकात घालतील."

सगळे हसले. मीही हसले. आणि मी वाचलं, एकदा नाही तर तीनदा. पहिल्या पानावर टिप्परचा डावा दिवा फुटलेला होता आणि दुसऱ्या पानावर उजवा. मी बोट ठेवलं. जमादार म्हणाले, "डावा, डावा. चुकून झालं." मी त्यांच्याकडून दुरुस्ती करून घेतली, बाजूला छोटी सही केली आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. पुढची ओळ होती: 'समोरील बंपरच्या खाली हिरव्या नायलॉन जाळ्याचा वीतभर तुकडा अडकलेला आम्ही पंचांनी समक्ष पाहिला.' तीही मी वाचली. समक्ष हा शब्दही वाचला. खाली पूर्ण सही केली.

टिप्पर मी पाहिलाच नव्हता.

काकूंनी माझा हात धरला. "तू लिव्हलंस म्हणजे पक्कं झालं बघ," म्हणाल्या.

काही महिन्यांनी तो सिनेमा मी पुन्हा पाहिला, एकटीने. या वेळी तांब्यावर वाकलेली फौजदाराची मान मला माझीच वाटली. तो आणि मी एकाच बाजूचे, कायदा लंगडा असताना त्याला खांदा देणारे. पाणी तो पीत नाही, कारण लढाई अजून संपलेली नाही, असा मी नवा अर्थ लावला. वहीत आणखी दोन पानं वाढली.

मग समन्स आलं. सरकारी वकिलांनी फोनवर सांगितलं, "पंचनामा पाठ करून या. दुसरा पंच, पोलिसांनी नंतर गाठलेला चौकीसमोरचा हॉटेलवाला, काही आठवत नाही म्हणून मोकळा झाला. फिर्यादी पक्षाकडं आता तुम्हीच आहात."

मी पाठ केला. टिप्परचं तोंड पूर्वेला, मागचं फाळकं उघडं, डावा दिवा फुटलेला. डोळे मिटले की टिप्पर दिसायचा. इतका स्पष्ट दिसायचा की कधीकधी मी तिथे गेले होते असंच वाटायचं. तारखेआधीच्या रविवारी दुपारी धीर यावा म्हणून मी तोच सिनेमा लावला. अण्णा बाजूला पेपर वाचत होते. थोड्या वेळाने पेपर मांडीवर आला. झडतीचा प्रसंग चालू होता.

"थांब. मागं घे जरा."

"काय झालं?"

"ह्यो कोण?"

फौजदाराच्या मागे, पडद्याच्या कोपऱ्यात एक माणूस उभा होता. मी दोनदा सिनेमा पाहिला होता, पण हा माणूस मला दिसलाच नव्हता.

"पंच असेल कुणी. गिरणीवाला वाटतो."

"हाताला पीठ हाय बघ. गिरणी चालू ठेवून आलाय. आवाज ऐक, पट्टा फिरायलाय अजून."

खरंच मागे गिरणीचा आवाज होता. तो माणूस धोतराला हात पुसतो, पेन घेतो, विचारतो, "काय सापडलं साहेब?" आणि उत्तर यायच्या आत सही करतो. कागदाच्या कडेला पिठाचा अंगठा उमटतो. सगळं मिळून दहा सेकंद.

"पुढं काय झालं ह्याचं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. परत दाखवत नाहीत."

"का बरं? फाशी तर ह्याच्या सहीवर झाली."

मला राग आला. "अण्णा, खुनी खराच होता!"

"असंल. म्या कुठं न्हाई म्हणलं? पण ह्याला काय ठाव होतं?"

मी सिनेमा पुढे चालू केला. सिनेमा शेवटापर्यंत गेला. फौजदाराने तांब्या ओट्यावर ठेवला. मी जरा ताठून विचारलं, "सांगा बरं, पाणी का पिला नाही?"

"तहान न्हाई लागली त्याला." अण्णांनी पेपराची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तू टिप्पर बघितलास का?"

"पंचनामा तीनदा वाचला मी. चूकसुद्धा काढली त्यातली."

"ते न्हाई इचारलं म्या."

 जाळ्याचा तो तुकडा बंपरखाली खरोखर अडकला होता की जमादारांनी तिथे लावला होता, हा प्रश्न जवळजवळ तीन वर्षांत मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर देता आलं नसतं. टिप्पर तोच होता असं मला वाटत होतं, आजही वाटतं. पण कोर्टात मला काय वाटतं ते सांगायला बोलावलं नव्हतं. काय पाहिलं ते सांगायला बोलावलं होतं.

कोर्टात बोलण्याआधी काकूंना सांगणं भाग होतं. सोमवारी सकाळी गेले. काका बाजेवर बसून जाळं सांधत होते. पूर्वी ते जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचे. आता ते बाजेच्या खुराला बांधलेलं होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

काकू चुलीपुढून उठल्या. "म्हणजे उलटलीस म्हण की."

"काकू, मी उलटले नाही. मी पाहिलंच नव्हतं."

"मग तवा सही कशाला केलीस? कुणी बंदूक लावली व्हती का?"

"चूक झाली."

"लय सोप्पं हाय तुला. भाषणं ठोकायची, सह्या ठोकायच्या आन् मग चूक झाली म्हणायचं. ह्यांचा पाय आणून देतीस का चूक झाली म्हणून?"

 काका सुई थांबवून ऐकत होते. "तुकडा कुठं हाय आता?" त्यांनी विचारलं.

"कोर्टात. पाकिटात, लाखेच्या सिलात."

"मला दावला न्हाई कुणी अजून." एवढंच बोलून त्यांनी गाठ ओढली.

काकूंनी मला जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही.

तालुक्याच्या कोर्टात आमचा पुकारा अकराला झाला. मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. काकू मागच्या बाकावर, पदर तोंडाला लावून. टिप्परमालक दाराशी उभा. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे केला. सही माझीच का? माझीच. आता सांगा, टिप्पर उभा होता तेव्हा त्याचं तोंड कोणीकडे होतं?

'पूर्वेला' हा शब्द जिभेवर तयार होता. तोंड उघडलं असतं तर आपोआप पडला असता. माझ्या डोळ्यांपुढे उघडं फाळकं होतं, फुटका दिवा होता, हिरवं जाळंसुद्धा होतं. त्यातलं काहीही माझं नव्हतं.

"मी टिप्पर पाहिलेला नाही," मी म्हणाले. "चौकीच्या पायरीवर बसून पंचनामा वाचला आणि सही केली."

सरकारी वकिलांचं पेन थांबलं. त्यांनी मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. जन्मभर ज्या शब्दाचा तिरस्कार केला, तो माझ्या नावापुढे लागताना मी ऐकला. टिप्परमालकाचा वकील हसत उठला. त्याला मला काहीच विचारायचं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर काकांची साक्ष झाली. कुबड्या भिंतीला लावून ते खुर्चीत बसले. पाकिटाचं सील फोडून तो हिरवा तुकडा त्यांच्या हातात दिला. काकूंनी बाकाची कड धरली. एक शब्द पुरे होता. हो म्हटलं असतं तर माझी साक्ष गेली तरी केस उभी राहिली असती, आणि त्या खोलीत त्यांना खोटं पाडू शकेल असा एकही माणूस नव्हता.

काकांनी तुकडा बोटांत ताणला. उलटा केला. उजेडाकडे धरला.

"साहेब, ह्याला सांधल्याची एकबी गाठ न्हाई. कोरं जाळं हाय हे. माझं चार वर्षाचं जाळं, वीतभर जागा बिनगाठीची सापडायची न्हाई त्यात." तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला. "माझं न्हाई हे."

टिप्परमालकाने रुमालाने तोंड पुसलं.

बाहेर लिंबाखाली काकू आमच्या दोघांवर बरसल्या. "एक शिकलेली आन् एक लंगडा. दोघं मिळून माझं घर बुडवा." काका म्हणाले, "चहा पाजतीस का आता, का तेबी बुडीवतीस?" त्या हसल्या नाहीत. चहा आणायला मात्र गेल्या. परत आल्या तेव्हा कप माझ्याही हातात दिला, आणि सोमवारनंतर पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलल्या. "त्या जीपीतल्या माणसांला इचारलं का कुणी?"

"कुठली जीप?"

काकांनी सांगितलं. ते रस्त्यावर पडल्यावर समोरून एक भरलेली काळी-पिवळी जीप आली होती. हळू झाली. मागं लटकलेला कुणीतरी 'मेला, मेला' म्हणाला. मग ती गेली. म्हणजे टिप्पर त्या जीपला समोरासमोर ओलांडून गेला होता. त्याचं तोंड, नंबर, ड्रायव्हर, सगळं त्या लोकांना दिसलं असणार. जमादारांना काकांनी हे सांगितलं होतं. जमादारांनी लिहून घेतलं नाही. जीप शोधण्यापेक्षा जाळ्याचा तुकडा सोपा पडला असावा, आणि माझी सही त्याहून सोपी.

मी तशीच आत जाऊन सरकारी वकिलांना हे सांगितलं. ते माझ्यावर चिडलेलेच होते. तरी म्हणाले, पाहिलेला एक जरी माणूस पुढे आला तरी त्याची साक्ष घ्यायचा अर्ज देता येईल. पुढची तारीख पडली आहे. केस अजून चालू आहे.

म्हणून हे लिहिते आहे. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, जिंतूरकडून येलदरीकडे जाणाऱ्या काळी-पिवळीत तुम्ही बसला असाल, मागे लटकला असाल, किंवा तुमच्या घरातलं कुणी त्या दिवशी पाहुण्यांकडून परतलं असेल, तर त्यांना विचारा आणि तालुक्याच्या कोर्टात सरकारी वकिलांना भेटा. त्या दिवशी थांबला नाहीत याचा जाब कुणी विचारणार नाही. टिप्परचा फक्त रंग आठवत असेल तर रंग सांगा. नंबरचे दोनच आकडे आठवत असतील तर दोनच सांगा. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणा, कुणी पाठ करून दिलं तरी बोलू नका. पण या.