दोन थापा

लेकीचा जुजुत्सूचा वर्ग बघत मी भिंतीशी बसलो होतो. तिच्याहून दहा किलो जड मुलीने तिचा हात कोपरातून उलटा ताणला होता. हरलेल्याने गादीवर तळहाताने दोन थापा मारायच्या आणि समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं, हा इथला नियम. लेक थाप मारेना. मी सेकंद मोजू लागलो. सातपर्यंत आलो. तेवढ्यात त्या मुलीनेच हात सोडला.

"मी कुठे हरले होते?" लेक चिडली.

"कोपर निखळलं असतं, बावळट!" ती मुलगी म्हणाली.

मग दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला.

मला सकाळचा घरातला वाद आठवला. बायको दोनदा म्हणाली होती, "बरं, तुमचंच खरं." त्यानंतरही मी ताणतच राहिलो होतो.