माळ्याखालची सर्पगंधा

सोमवार, १९ मे २००३, सकाळचे साडेसहा. जव्हारच्या आमच्या घरातील कोठीच्या खोलीत सर्पगंधेची एकशे बारा रोपे होती आणि त्यांपैकी एकोणतीस रोपांची खालची पाने पिवळी पडलेली होती. आदल्या संध्याकाळी ती हिरवी होती, असे मी शपथेवर सांगितले असते.

सर्पगंधा हे गुडघाभर उंचीचे झुडूप. त्याच्या मुळांतून रक्तदाबावरचे औषध निघते, म्हणून आमच्या बाजूच्या जंगलांतून ते इतके उपटले गेले की सूर्यमाळच्या उतारांवर दोन दिवस हिंडून मला जेमतेम ओंजळभर काळी फळे मिळाली होती. त्याचे बी फार कमी रुजते. जे रुजले, ते सगळे त्या खोलीत होते.

मुंबईला आमच्या विभागातील प्राध्यापकांकडे संशोधन साहाय्यकाची एकच जागा होती. या भागातील बियाण्यापासून वाढवलेली चाळीस निरोगी रोपे दहा जूनपर्यंत आणून देईन, असे मी त्यांना आपण होऊन सांगितले होते. आणली तर जागा माझी. नाही आणली, तर त्यांच्यापुढे दुसरा उमेदवार तयार होता आणि माझ्यापुढे मोखाडा तालुक्यातील एका आश्रमशाळेतील तात्पुरती नेमणूक. वनस्पतिशास्त्रात मी प्रथम श्रेणीत एम.एस्सी. झाले होते. मात्र तोवर स्वतःच्या हाताने एक तुळसही वाढवली नव्हती.

मे महिन्यातील वारा कोवळ्या पानांना भाजून काढतो, म्हणून मी घरातील सर्वांत थंड खोली निवडली. खिडकीला प्लास्टिक ठोकले, दाराच्या फटीत गोणपाट कोंबले आणि विटांच्या थरांवर दोन ट्यूबलाइट टेकवल्या. आत दमटपणा टिकला पाहिजे, हा हिशेब.

"एवढा उजेड मला मॅट्रिकच्या अभ्यासाला मिळाला असता, तर आज तहसीलदार असतो," बाबा म्हणाले. ते तहसील कार्यालयात कारकून होते.

"अहो, करू द्या तिला," आई म्हणाली. "लाइट निम्मा वेळ जातोच. बिल कुठून येणार?"

पिवळेपणाची कारणे मी क्रमाने तपासू लागले. एका वेळी एकच बदल करायचा आणि काही रोपे तुलनेसाठी तशीच ठेवायची, हे शिस्तीने पाळले. प्रथम पाणी कमी केले. नंतर विहिरीत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरचा संशय आला, म्हणून उकळून गार केलेले पाणी दिले. मग अगदी पातळ युरिया दिला. त्याने रोपांच्या एका रांगेतील पानांच्या कडा करपल्या. भिंगाखाली पानांच्या मागील बाजू पाहिल्या. कीड नव्हती. दिवे वर घेतले, खाली घेतले. पाने गळतच राहिली. एक गोष्ट मात्र कशातच बसत नव्हती. पाने मलूल नव्हती, ताठ होती. पण त्यांचे देठ वरच्या बाजूने वाकून जमिनीकडे वळले होते. पाणी कमी पडलेल्या रोपाचे पान लोंबते. हे लोंबत नव्हते, वळत होते.

पुढच्या रविवारी आईने हाक मारली. "ये गं, शिडी धर. आंबे उतरवते."

माळ्याची शिडी पडवीतून होती. मी ती धरून उभी राहिले. आईने वर पेंढा बाजूला केला आणि पिकत्या आंब्यांचा उबदार, गोड वास माझ्या अंगावर आला. माळा नेमका कोठीच्या खोलीवर होता. मधे फक्त फळ्या, आणि त्यांत बोट जाईल एवढ्या फटी.

"आई, ही अढी कधी लावलीस?"

"दर वर्षी लावते तेव्हाच. मामाने पोती आणून टाकली नव्हती का? त्यातलं एक तूच ओढत आणलंस."

"या आंब्यांनी माझी रोपं मारली."

ती हसली. "ऐकलं का हो? आता आंबे खुनी झाले!" मग तिने खाली वाकून माझा चेहरा पाहिला आणि पाटी पायरीवर टेकवली. "कसं काय गं?"

मी सांगितले. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते. तो थोडासा जरी कोंडला तरी कोवळी पाने पिवळी पडतात, देठ खाली वळतात, पान गळते. परीक्षेत यावर मी आकृतीसह उत्तर लिहिले होते. खोलीतील प्रत्येक गोष्ट मी तपासली होती. छत मी खोलीत धरलेच नव्हते. शिवाय वायू बाहेर जाण्याच्या सगळ्या वाटा मीच बुजवल्या होत्या.

"मग आधी बोलायचं नाही का?" आई म्हणाली. "तू दार लावून बसतेस, मला वाटलं विचारू नये."

त्या दुपारी तिने अढी मोडली. अर्धेकच्चे आंबे पाट्या भरभरून आळीत वाटले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय वहिनी, घर सोडून चाललात का?" आईने हसून दुसरा विषय काढला.

मी खिडकीचे प्लास्टिक फाडले. वायू गेला आणि गरम वारा आत आला. पाने गळालेल्या रोपांजवळ तग धरण्यापुरतेही काही उरले नव्हते. काहींना शेंड्याला हिरवा ठिपका फुटला, तो दोन दिवसांत काळा पडला. काही बुंध्याशीच कुजून आडवी झाली. आता निदान अचूक होते, पण त्याचा रोपांना उपयोग नव्हता.

नऊ जूनला एस.टी. स्टँडजवळच्या बूथवरून मी सरांना फोन केला.

"किती आहेत?"

"तेवीस, सर."

"निरोगी किती?"

"पानं अकरांना आहेत. पण सर, कारण सापडलंय."

त्यांनी कारण पूर्ण ऐकून घेतले. "चांगलं शोधलंस," ते म्हणाले. "पण मला उद्या नाव कळवायचंय. अकरा रोपांवर कसं कळवू?"

मी "हो सर" म्हणाले. बूथवाल्याने सुटे पैसे मागितले, ते माझ्याकडे नव्हते.

रात्री जेवताना बाबा एवढेच म्हणाले, "आश्रमशाळेला सोमवारी हजर व्हायचंय. जीप सातला सुटते." मी मान हलवली. आईने पानात रस वाढला नाही. त्या वर्षी तो घरात पुन्हा झालाच नाही.

ट्यूबलाइट काढायला हव्या होत्या. आता त्या कोणासाठीच जळत नव्हत्या. तरी सोमवारी सकाळी, साडी नेसून, जीपची वेळ होण्याआधी मी खोलीत गेले, खाली बसले आणि मोजले. हिरवे पान असलेली रोपे: चार.