नव्या गाडीवर न चढलेली सायकल

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे सात, डोंबिवली. हजर: मी, माझी मुलगी, माझा मेव्हणा आणि त्याची महिन्याभरापूर्वी घेतलेली गाडी. मुलीला सोमवारपासून कोलशेतच्या नव्या नोकरीवर सायकलने जायचं होतं, म्हणून सायकल तिच्या तिथल्या खोलीवर पोहोचवायची होती.

मागची सीट पाडा, पुढचं चाक काढा, सायकल आत ठेवा, हे मी चार दिवस सांगत होतो. मेव्हण्याने व्हिडिओ पाहून डिकीवर बांधायचं कॅरिअर मागवलं. मोजमाप न घेता आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग ते बसेना, कारण त्याचे हूक डिकीच्या काठाला अडकतच नव्हते.

"भावोजी, परत पाठवतो की."

"हळदकुंकू लावलेलं कोण घेईल रे?"

मुलगी म्हणाली, "मामा, सीटच पाडू या ना."

"अगं, सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. चेन लागून फाटेल!"

सीट खराब होऊ नये म्हणून प्लास्टिक, आणि प्लास्टिक फाटू नये म्हणून भाची सोमवारी रिक्षाने. असल्या डोक्याशी मी वाद घालत नाही. माझ्या यादीत मात्र एक ओळ अजून तशीच आहे: सायकल कोलशेतला पोहोचवणे.