चपलांचा नंबर

दवाखाना विकायचं मी गुडघ्यांपायी ठरवलं. भाईंदर पूर्वेला, तळमजल्यावरच्या गाळ्यात डॉक्टरकी करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. बऱ्याच शाखा असलेल्या एका मेडिकल ग्रुपने तो घेतला. पेशंट नव्या कारभाराला रुळेपर्यंत आठवड्यातले काही दिवस मी बसायचं, बाकीचे दिवस त्यांचा तरुण डॉक्टर, असं ठरलं. सही केली आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर राहिला नाही. माणसं माझ्याकडे येत होती की नुसती गाळ्यात येत होती, हे आता कळणार होतं.

आमच्याकडे नंबर चपलांनी लागायचा. दाराबाहेर चपला ओळीने काढायच्या, ज्याची चप्पल पुढे तो आधी आत. उत्तनहून मासे विकायला येणारी एक मावशी तर खास नंबरासाठी एक तुटकी जोडी पिशवीत घेऊन यायची. ती ओळीत ठेवून बाजारात जायची आणि पाटी रिकामी करून बरोबर आपल्या वेळेला हजर. बाकी कशावरूनही भांडणारे माझे पेशंट चपलांवरून कधी भांडले नाहीत.

मग ग्रुपचा मॅनेजर आला. टोकनचं मशीन आलं, चपलांसाठी स्टीलचं रॅक आलं.

"मॅडम, थोडे दिवस त्रास होईल, मग पेशंटना प्रोसेसची सवय होऊन जाईल," असं सांगून तो हेड ऑफिसला निघून गेला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

पहिल्याच सकाळी नव्या सफाईवाल्याने सगळ्या चपला उचलून रॅकमध्ये छान लावल्या. मावशीची जोडी त्याला कचरा वाटली, म्हणून फेकून दिली.

मी आत एकाला तपासत होते, तरी तिचा आवाज आला. "माजा नंबर कचऱ्यात कोनी टाकला?"

"आंटी, टोकन ले लो ना," रिसेप्शनवरची मुलगी म्हणत होती.

मी उठून बाहेर येईपर्यंत मावशी पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यापलीकडे पोचली होती. हाक मारली तर न वळताच म्हणाली, "न्हाय यायची मी आता हितं."

तिचं बीपी भलतंच चढायचं, आणि गोळ्या संपत आलेल्या. मला घरात चैन पडेना. आमटीत दोनदा मीठ घातलं. मासळीबाजारात उगाच चक्कर मारली, तर तिच्या जागेवर दुसरीच कोणी बसलेली. शेवटी मॅनेजरला फोन लावला आणि म्हटलं, ते रॅक दारातून हलवा, नाहीतर मी हलते. रॅक हललं, टोकनही बंद झालं. मावशी मात्र माझ्या दिवशी काही आली नाही.

एका सकाळी माझा दिवस नसताना मी चष्मा विसरल्याचं निमित्त करून दवाखान्यात गेले. दाराबाहेर पुन्हा चपलांची ओळ लागली होती. तीत एक दुसरीच तुटकी जोडी होती आणि पायरीवर मावशी बसली होती.

"अगं, गोळ्या?" मी विचारलं.

"चालू हायत. मागल्या खेपेला पन त्यालाच दाखवलं. पोरगा बरा हाय, नीट इचारतो."

ती बरी आहे याचा आनंद व्हायच्या आधी मला राग आला. तिचाही आला आणि त्या पोराचाही. इतकी वर्षं मीही नीटच विचारत होते की.

"मग आता माझं काय काम, मावशी?" न राहवून मी बोलून गेले.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. "लंगडतेस किती, बाय! गुडघा दाखव त्याला. माज्या मागं चप्पल काढ."

"अगं, दवाखाना माझा..." म्हणता म्हणता मी थांबले. भिंतीचा आधार घेऊन चपला काढल्या आणि तिच्या तुटक्या जोडीमागे ठेवल्या.

"सरळ लाव," ती म्हणाली. "न्हायतर नंबर जायचा."