मांडवात वाजेल अशी गिटार

गिटार हातात आली की चाचा ती लगेच वाजवत नसत. आधी बंदुकीसारखी डोळ्याला लावायचे. एक डोळा मिटून मानेवरून पार टोकापर्यंत नजर न्यायची, अंगठ्यानं तारा नुसत्या दाबून बघायच्या आणि निकाल द्यायचा, "हात बसतोय." किंवा, "न्हाई बसत हात." आवाजाचं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आवाज येतोय की मागनं. त्याला काय घाई?"

तुमच्या गल्लीतही असा एखादा असेल. पंपाच्या मोटारी भरणारा आणि गिटारवर जीव टाकणारा मात्र मी एकच पाहिला.

मी त्यांच्याकडे पोचलो कसा, ते आधी सांगतो. माझे वडील मेंढरांमागे फिरले. दिवाळी झाली की कळप कोकणाकडे निघायचा, तो पावसाच्या तोंडावर माघारी यायचा. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि मागे चालणारी आई, तिच्या बोटाला मी. रोज नवं रान, मग शाळा कसली? शेवटी मला न्हावऱ्यात आत्याकडे ठेवलं. तिथंही सदरा एकच. तो धुतला की वाळेपर्यंत उघडं बसायचं. त्या घरातून मी शिरूरच्या कॉलेजात गेलो आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

कॉलेजच्या दिवसांत माझी खोली चाचांच्या दुकानावर होती. खाली जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, व्हार्निशचा वास, आणि भिंतीला खिळ्यावर इलेक्ट्रिक गिटार. दिवसभर शेतकऱ्यांच्या मोटारी भरायच्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायची, आणि लग्नसराईत आप्पांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं, असं त्यांचं चाललेलं. मला चार कॉर्ड त्यांनीच शिकवले. मला हाक मारायचे "बीएस्सी". पास व्हायच्या आधीपासून!

मी कुरकुंभला कंपनीच्या लॅबमध्ये लागलो त्याच वर्षी चाचांचा हात भाजला. व्हार्निश सुकवायच्या भट्टीतून काढलेली मोटार निसटली आणि त्यांनी ती डाव्या हातानं झेलली. जखम भरली, पण बोटांच्या टोकांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ राहिली. स्टीलची तार दाबली की रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, मोटारी भरा, गिटार सोडा.

आप्पा भेटायला आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला पार्टी चालवायची होती. म्हणाले, "चाचा, वाईट वाटून घेऊ नका. कीबोर्डात गिटारचं बटन असतंय आता. दाबलं की झालं."

"बटन?" चाचा म्हणाले. "मंग गाणाऱ्याचं बी बटन असंल की त्यात. तेबी दाबा."

चाची आतून ओरडल्या, "अहो, चहा तरी घेऊ द्या त्यांना!"

शेवटी आप्पांनी मुदत दिली. दौंडला रेल्वे ग्राउंडवर मोठा प्रोग्राम होता. तिथं चाचांची गिटार शेवटच्या ओळीत ऐकू आली तर जागा चाचांची. नाही तर बटन.

स्टील चालत नाही म्हटल्यावर राहिलं नायलॉन. क्लासिकल गिटारच्या तारा नायलॉनच्या असतात, बोटाला मऊ. पण आवाज खोलीपुरता. ढोलकी आणि ऑक्टोपॅडपुढे तो कुठं टिकणार? चाचांना त्याची काहीच काळजी नव्हती. कुणाची तरी साधी क्लासिकल गिटार मागून आणली, आपल्या हातानं बारीक तांब्याची तार गुंडाळून तारांची थरथर पकडणारा पिकअप केला, आत चुंबक घातला आणि तारांखाली बसवला. जन्मभर तार गुंडाळलेला माणूस! गुंडाळी अशी सफाईदार की बघत राहावं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी उद्घाटन झालं. सगळी गल्ली गोळा. अँप चालू केला, आवाज पूर्ण चढवला. चाचांनी झोकात हात फिरवला.

स्पीकर गप्प.

"कॉइल कमी पडली," चाचा म्हणाले. मोटार चालत नसली की वाइंडिंग बदलायचं, हा त्यांचा धर्म. परत भरली. परत गप्प. तिसऱ्यांदा भरायला बसले तेव्हा त्यांच्या हातातली पक्कड पिकअपजवळून गेली आणि स्पीकरमधून केवढ्यांदा "ठक्!" झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"चाचा, थांबा! कॉइल चांगली आहे. पक्कड लोखंडाची आहे म्हणून बोलली. चुंबकासमोर लोखंड हललं पाहिजे. नायलॉन कितीही हललं तरी चुंबकाला पत्ताच नाही. आणि जाड तारांवरचं वेष्टण तांब्याचं, त्याचाही उपयोग नाही."

चाचांनी पक्कड खाली ठेवली. मग असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हंजी हिरीत पाणीच न्हाई आन् मी मोटार भरतोय! अरे बीएस्सी, हे तुला आधी न्हाई व्हय सुचलं?"

आता खरा नाद सुरू झाला. पुढच्याच सुट्टीला आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. भिंतीवरची इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा अँप बदल्यात द्यायला बरोबर घेतला. दुकानात नायलॉनच्या दोन इलेक्ट्रिक गिटारी होत्या. दोन्हींत चुंबक नाही. तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याखाली एक बारीक पट्टी, ती तारेचा थरथरता दाब ओळखते आणि अँपला पाठवते. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या.

पहिली भरल्या पोटाची. आवाज मधासारखा. पण मान पाटासारखी रुंद आणि सपाट, तारा मानेवरच्या पडद्यांपासून उंच. दुसरी पातळ पोटाची. अँपशिवाय वाजवली तर डबा. पण मान जरा अरुंद, वरून किंचित गोलसर, आणि अंगाला अशी कापलेली की हात खालच्या पडद्यांपर्यंत सहज जातो.

चाचांनी दोन्ही डोळ्याला लावल्या. दोन्हींवर एकच तुकडा वाजवला, परत वाजवला, मग माझ्याकडून वाजवून घेतला. पहिलीवर सगळ्या तारा एका बोटानं दाबताना त्यांचा ओठ दाताखाली गेला. दुसरीवर नाही गेला.

दुकानदार म्हणाला, "काका, पहिलीच घ्या. गोडवा बघा तिचा."

"गोडवा दुकानात ठेवा. मला मांडवात वाजवायचंय. जरा आवाज चढवा बरं."

आवाज चढवला. पहिली घेऊन चाचा स्पीकरसमोर उभे राहिले आणि स्पीकरचाच आवाज तिच्या पोकळ पोटात घुमून, एकही तार न छेडता, गिटार कंपनीच्या भोंग्यासारखी "हूंऽऽऽ" करून कोकलायला लागली. गिऱ्हाइकं कान धरून बाहेर. दुसरी घेऊन तिथंच उभे राहिले. ती शांत. चाचा पुटपुटले, "हात बसतोय." सौदा झाला.

घरी आल्यावर तिची तयारी. तारा अजून खाली हव्या होत्या, म्हणून घोडीवरची हाडाची पट्टी काढली. काचेवर पॉलिशपेपर ठेवून चाचा ती खालून घासत बसले. मी एकच सांगितलं होतं, बूड सपाट राहू द्या, नाही तर खालच्या पट्टीवर दाब सारखा पडणार नाही आणि एखादी तार मुकी होईल. बूड सपाटच राहिलं, पण उत्साहात जास्त घासलं गेलं. तारा पडद्यांना लागून किरकिरायला लागल्या. प्रोग्राम दुसऱ्या दिवशी! दुसरी पट्टी आणायची कुठून? चाचांनी खिसे चाचपले, एसटीचं तिकीट काढलं, त्याचा पट्टीएवढा कपटा कापला आणि खाली सरकवला. किरकिर बंद. चाची म्हणाल्या, "चला, पुण्याच्या तिकिटाचं सार्थक झालं."

दौंडला संध्याकाळी ग्राउंड गच्च भरलं. मी मुद्दाम शेवटच्या ओळीच्या मागे उभा राहिलो. थोड्या वेळानं आप्पा माझ्याशेजारी येऊन हाताची घडी घालून थांबले. गाणं सुरू झालं. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. तेवढ्यात स्टेशनकडून मालगाडी धडधडत निघाली आणि काहीच कळेना.

गाडी गेली. दोन कडव्यांमधली जागा आली आणि गिटार आली. मऊ, गोल, एकेक सूर सुटा.

आप्पांनी मान हलवली. "हे कीबोर्डच हाय. मला काय कळत न्हाई व्हय?"

आम्ही दोघंही स्टेजकडे बघत होतो. कीबोर्डवाल्यानं दोन्ही हात वर उचलले आणि डोक्यावर टाळ्या वाजवत लोकांना ताल धरायला लावला. गिटार चालूच होती. चाचा मान खाली घालून वाजवत होते, आणि दुखऱ्या बोटांसाठी एकदाही थांबले नाहीत.

आप्पांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, "जाऊन सांग म्हाताऱ्याला, पुढच्या गाण्याला जरा मोठ्यानं वाजवा म्हणावं."

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि तिथल्या पोरांना त्यांचं नावही ठाऊक नाही. पण दौंडच्या त्या प्रोग्रामपासून ऑर्केस्ट्रा बंद होईपर्यंत, दर सीझनला, आप्पांच्या पार्टीत गिटार चाचांनीच वाजवली.